‘फक्त संदर्भ हवेत’ म्हणण्याआधी: प्रकल्पासाठी माहिती साक्षरता, टप्प्याटप्प्याने

डिसेंबर लागला की देवघेव काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं: “मॅडम, प्रोजेक्ट लिहून झालाय, फक्त संदर्भ हवेत.” ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मी हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकते आहे. ही मुलं आळशी नाहीत. कळवा-मुंब्र्याहून लोकलने येऊन, अर्धवेळ नोकरी सांभाळून चाळीस-चाळीस पानं लिहितात. चुकतो तो क्रम. आधी लिहितात, मग शोधतात, आणि आपला प्रश्न नेमका काय होता याचा विचार तोंडी परीक्षेत समोरच्यांनी विचारल्यावर पहिल्यांदा करतात.

माहिती साक्षरता म्हणजे काय, इथेही घोळ आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्र शिकणारेसुद्धा ‘संगणक व इंटरनेट वापरण्याचे कौशल्य’ असं लिहून मोकळे होतात. ती झाली संगणक साक्षरता. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ च्या अहवालात जी व्याख्या केली तिच्यात चार क्रिया आहेत: माहितीची गरज केव्हा आहे हे ओळखणं, ती शोधणं, पारखणं आणि नीट वापरणं. पहिल्या क्रियेला संगणक लागतच नाही, आणि नेमकी तीच गाळली जाते.

खालचे सगळे टप्पे मी एकाच उदाहरणावर चालवले आहेत: ‘ठाण्यातले तलाव’. हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच, आणि दरवर्षी त्याच जागी अडकतं.

## तयारी: शोधवही आणि दोन ओळखपत्रं

एक साधी दोनशे पानी वही घ्या. फोनमधली नोंद चालेल, पण वही हरवत नाही आणि गाईडला दाखवता येते. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय मिळालं. चौथ्या रकान्यात ‘काही नाही’ हेही लिहायचं. काय सापडलं नाही याची नोंद नसली की तोच शोध तीन वेळा होतो.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं ओळखपत्र तुमच्याकडे असेल. दुसरं एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचं काढा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. जुनी मराठी पुस्तकं, स्मरणिका, स्थानिक लेखन महाविद्यालयाच्या कपाटात क्वचितच असतं, त्यासाठी अशा ठिकाणी जाऊन बसावं लागतं. पहिल्या आठवड्यातच जा. शेवटच्या आठवड्यात सभासद होऊन उपयोग नसतो.

## टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

‘ठाण्यातले तलाव’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषय घेऊन शोधायला बसलं की सगळंच उपयोगाचं वाटतं, आणि वहीत मिळेल ते जमा होतं. प्रश्न असला की काय टाकून द्यायचं ते कळतं.

एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहा. उदाहरणार्थ: ‘ठाणे महापालिका हद्दीतल्या तलावांपैकी किती तलाव गेल्या चाळीस वर्षांत बुजले किंवा आक्रसले, आणि कशामुळे?’ आता यातला एकेक शब्द दाबून पाहा.

‘ठाणे’ म्हणजे कोणतं? शहर, तालुका की जिल्हा? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सर्वात जास्त प्रकल्प इथेच कोसळतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,४१,४८८ आहे आणि ठाणे जिल्ह्याची १,१०,६०,१४८. दोन्ही आकडे ‘ठाण्याची लोकसंख्या’ म्हणूनच लिहिलेले सापडतात. त्यात आणखी एक मेख आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे २०११ च्या जिल्ह्याच्या आकड्यात वसई-विरार, डहाणू, जव्हार सगळं धरलेलं आहे. तो आकडा आजच्या जिल्ह्यासाठी वापरला तर बेरीज बरोबर आणि विधान चूक, अशी गत होते.

मागे जाल तसा हा गुंता वाढतो. ठाणे महापालिका १९८२ साली झाली, तेव्हा नगरपालिकेच्या हद्दीत आजूबाजूची गावं मिळवली गेली. १९८२ पूर्वीच्या ‘ठाणे शहरातले तलाव’ आणि नंतरचे यांची सरळ तुलना करता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथांचे, ठाणे जिल्ह्यावरचे खंड १८८२ सालचे, आणि तेव्हाच्या जिल्ह्यात वांद्रे-कुर्ल्यासह साष्टी बेटही येत होतं.

तपासा: प्रश्नातली जागा, काळ आणि मोजायची वस्तू, तिन्ही गोष्टी शोधवहीच्या पहिल्या पानावर लिहिल्यात का? ‘तलाव’ म्हणजे काय धरणार? मंदिराचं कुंड? खाणीत साठलेलं पाणी? गणपतीसाठी बांधलेला कृत्रिम तलाव? आज ठरवा. नंतर ठरवलं की हातात आलेल्या आकड्याला सोयीची व्याख्या शोधली जाते.

## टप्पा २: ही माहिती कोणाकडे असेल, ते आधी ठरवा

शोधखिडकी उघडायच्या आधी दहा मिनिटं नुसता विचार करा. ही माहिती मुळात कोणी, कशासाठी गोळा केली असेल? तलावाचं क्षेत्रफळ महसूल खात्याच्या आणि महापालिकेच्या नोंदींत. पाण्याची गुणवत्ता महापालिकेच्या पर्यावरण अहवालात किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. तलाव कधी बुजला, तिथे आधी कोण कपडे धूत असे, हे पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहणाऱ्या माणसांकडे.

इथे ‘अधिकारी स्रोत’, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येतो असा स्रोत, या कल्पनेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ती पाठ केली जाते आणि समजून घेतली जात नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१५ साली माहिती साक्षरतेची जी चौकट मांडली, तिच्यातलं एक सूत्र असं की अधिकार संदर्भानुसार ठरतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या आजी खाडीत पूर्वी कोणती मासळी मिळायची हे सांगतील तेव्हा त्या अधिकारी आहेत. खाडीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, यासाठी त्यांचा हवाला देता येत नाही. उलट प्रयोगशाळेचा अहवाल कितीही शिक्क्यांचा असो, चाळीस वर्षांपूर्वी काठावर काय होतं ते त्याला माहीत नाही. म्हणून ‘हा स्रोत चांगला आहे का’ असं न विचारता ‘या मुद्द्यासाठी हा स्रोत चांगला आहे का’ असं विचारा.

काही माहिती कुठेच छापलेली नसते. एखाद्या तलावाच्या सफाईवर पालिकेने किती खर्च केला, हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मागणी १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, आणि उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत. म्हणजे हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा. लेखन संपत आल्यावर टाकलेल्या अर्जाचं उत्तर प्रकल्प जमा केल्यावर येतं.

## टप्पा ३: शब्दांची यादी

मराठीत शोधणाऱ्यांनी या टप्प्यावर पूर्ण एक दुपार घालवावी. इंग्रजी शोधपद्धतीच्या पुस्तकांतलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

पहिली अडचण ‘ठाणे’ या शब्दाचीच. मराठीत ‘तलाव ठाणे’ टाकलंत तर नागपूर-नांदेडच्या पोलीस ठाण्यांच्या बातम्या येतात: अमुक तलावात मृतदेह सापडला, तमुक पोलीस ठाण्यात नोंद झाली. तेव्हा ‘पोलीस’ वगळा. गुगलमध्ये शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह लावतात, ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये ‘नॉट’ वापरतात. दुसरा गोंगाट भाद्रपदातला. तलावांबद्दलच्या बातम्यांत ढीगभर बातम्या विसर्जनाच्या कृत्रिम तलावांच्या निघतात. ‘कृत्रिम’ वगळलं की यादी स्वच्छ होते.

सावधान: वगळणं दुधारी आहे. विसर्जनामुळे नैसर्गिक तलावाचं पाणी कसं बिघडतं, हे सांगणारा उत्तम लेखही ‘कृत्रिम’ या एका शब्दापायी गळून पडेल. एकदा वगळून आणि एकदा न वगळता, दोन्ही प्रकारे शोधा, आणि दोन्हीची नोंद वहीत करा.

दुसरी अडचण विभक्तीची. शीर्षकात ‘ठाण्यातील तळी’ असेल आणि तुम्ही ‘ठाणे तलाव’ टाकाल, तर शब्दाला शब्द जुळवणारी ग्रंथालयाची ओपॅक, म्हणजे संगणकावरची पुस्तकांची यादी, ‘नोंद नाही’ म्हणेल. पुस्तक शेजारच्या कपाटात असूनही! म्हणून सामान्यरूपं लिहून काढा: ठाणे, ठाण्या, ठाण्यातील, ठाण्याचे, तलाव, तलावा, तळे, तळी, तळ्या. समानार्थी शब्द: जलाशय, सरोवर, पाणवठा, कुंड. आणि प्रत्येक तलावाचं स्वतःचं नाव: मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, मखमली, आंबे घोसाळे. मासुंद्याला तर निम्मं ठाणं ‘तलावपाळी’ म्हणतं, तेही नाव यादीत हवं.

तिसरी अडचण जुन्या स्पेलिंगची. ठाण्याचं आजचं इंग्रजी स्पेलिंग ‘ई’ (e) या अक्षराने संपतं. गॅझेटियरमध्ये आणि ब्रिटिशकालीन कागदांत ते ‘ए’ने (a) संपतं. आजचं स्पेलिंग टाकून एकोणिसाव्या शतकात शोधणारे विद्यार्थी ‘जुनं काहीच उपलब्ध नाही’ असं प्रकल्पात लिहून टाकतात. उपलब्ध असतं, फक्त दुसऱ्या नावाने.

चौथी अडचण फॉन्टची. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत भलतीच अक्षरं असतात. त्यामुळे शोधयंत्राला त्या सापडत नाहीत. संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन अहवालांची यादी हाताने चाळण्याला पर्याय नाही.

तपासा: यादीत पंधरा शब्द झाले का? सात-आठवर थांबला असाल तर अजून एकदा बसा.

## टप्पा ४: शोधायचा क्रम

आधी तृतीयक स्रोत (विश्वकोश, सूची), मग द्वितीयक (इतरांनी अभ्यासून लिहिलेली पुस्तकं, प्रबंध), मग प्राथमिक (मूळ अहवाल, नकाशे, मुलाखती). वर्गात हे प्रकार उलट क्रमाने शिकवले जातात, शोधताना मात्र इथून सुरुवात करा.

विश्वकोशापासून. मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे. विकिपीडियाही वाचा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तिथे थांबू नका. या वाचनातून पारिभाषिक शब्द मिळतात, ते टप्पा ३ च्या यादीत घाला. विकिपीडियाच्या लेखाखालची संदर्भयादी हा त्याचा सर्वात उपयोगी भाग, तिथल्या मूळ स्रोताकडे जा.

मग ओपॅक. शीर्षकाने शोधून थांबू नका, वर्गांक, म्हणजे पुस्तकाला दिलेला विषयाचा क्रमांक, पाहा. ड्युई दशांश पद्धतीत तुमचा एकच विषय चार कपाटांत विखुरलेला आहे: तलावांचं जलविज्ञान ५५१.४८ मध्ये, तलावांची परिसंस्था ५७७.६३ मध्ये, पाणीपुरवठा ६२८.१ मध्ये, आणि ठाण्याचा इतिहास ९५४ मध्ये. एक पुस्तक मिळालं की त्याच्या डाव्या-उजव्या हाताची पाच-पाच पुस्तकं उघडून शेवटची सूची पाहा. ग्रंथपालाला विचारा. “तलावांवर काही आहे का?” असं नको, टप्पा १ मधला पूर्ण प्रश्न दाखवा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. तो पाळायला आम्ही बसलो आहोत, पण प्रश्नच अर्धा सांगितलात तर आमचेही हात बांधलेले असतात.

मग प्रबंध. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध पूर्ण मजकुरासह मिळतात. प्रबंध अख्खा वाचायचा नाही. दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा, आणि शेवटची ग्रंथसूची वाचा. भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही चाळा. मूळ अहवाल, नकाशे, मुलाखती यांच्याकडे यानंतर वळायचं, कारण काय विचारायचं हे आता तुम्हाला माहीत झालेलं असतं.

सावधान: चॅटबॉटला संदर्भयादी मागू नका. तो लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष, पानं सगळं रीतसर देतो, आणि तो लेख अस्तित्वातच नसतो असं घडतं. अशी यादी हातात असेलच, तर प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हात घालून शोधा, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो उघडून पाहा, पुस्तक असेल तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या यादीत त्याची नोंद आहे का बघा. जो प्रत्यक्ष उघडून पाहिला नाही तो संदर्भ द्यायचा नाही. या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही.

## टप्पा ५: पारखणं

पान चकचकीत आहे, भाषा शुद्ध आहे, म्हणून माहिती खरी, हा समज सोडा. त्याच पानावर रेंगाळून त्याची विश्वासार्हता कळत नाही. नवीन टॅब उघडा आणि त्या संस्थेबद्दल, त्या लेखकाबद्दल इतर कोण काय म्हणतं ते आधी पाहा. दोन मिनिटं लागतात.

त्यानंतर दाव्याकडे वळा. ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचं एक वाक्य घेऊ: ‘भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आली.’ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, हे खरं. पण मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ च्या सुमारास दगड वाहण्यासाठी लोहमार्ग वापरात होता, आणि रुडकीला १८५१ मध्ये कालव्याच्या बांधकामासाठी वाफेचं इंजिन धावलं होतं. ठाण्याची ती पहिली प्रवासी रेल्वे. ‘प्रवासी’ हा एक शब्द गाळला की विधान चूक ठरतं. प्रत्येक दाव्यात असा एखादा शब्द असतो. तो शोधणं म्हणजेच पारखणं.

आता तलावांची संख्या. कुठे तीस-पस्तीस लिहिलेलं मिळेल, कुठे साठाहून अधिक. विद्यार्थी इथे दोनपैकी एक चूक करतात: एकतर जो आकडा जास्त ठिकाणी दिसतो तो घेतात, किंवा सरासरी काढतात. सरासरी काढलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या मुलीने ती फार मनापासून काढली होती. असं करू नका. दोन्ही आकडे कागदावर शेजारी लिहा आणि प्रत्येकाखाली चार गोष्टी भरा: कोणी मोजलं, कोणत्या साली, कोणत्या हद्दीत, कशाला तलाव म्हटलं. बहुतेक वेळा मोठा आकडा ‘पूर्वी होते’ असा आणि लहान ‘आज आहेत’ असा असतो, म्हणजे भांडण मिटतं. चारपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या, तर तो आकडा ‘असे म्हटले जाते’ या शब्दांतच लिहायचा.

जास्त ठिकाणी दिसतो म्हणजे जास्त खरा, असंही नाही. पाच संकेतस्थळांवर शब्दशः तेच वाक्य असेल तर ते पाच स्रोत नव्हेत. एकाने लिहिलं, चौघांनी उचललं. सर्वात जुनी तारीख शोधा आणि मोजताना एकच धरा.

तपासा: तुमच्या प्रश्नाच्या उत्तराला जे दोन-तीन दावे आधार देतात, त्या प्रत्येकाला एकमेकांवर न विसंबणारे दोन स्रोत आहेत का? सगळ्या दाव्यांना ही मेहनत नको. आधाराच्या दाव्यांना मात्र हवीच.

## टप्पा ६: टिपणं आणि संदर्भ

संदर्भ ज्या क्षणी पुस्तक उघडलं त्या क्षणी लिहायचा: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. पुस्तक परत केल्यावर पान क्रमांक मिळत नाही. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही लिहा. संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीए असो वा एमएलए, गाईड सांगतील ती एकच शेवटपर्यंत ठेवा.

टिपण काढताना जसाच्या तसा घेतलेला मजकूर वहीतही अवतरणचिन्हात ठेवा. महिन्याभराने आपलं वाक्य कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं हे आपल्यालाच ओळखू येत नाही, आणि नकळत झालेली बहुतेक वाङ्मयचौर्यं अशीच होतात.

आणखी एक गैरसमज मराठी माध्यमात फार आहे: इंग्रजीतून भाषांतर केलं म्हणजे मजकूर आपला झाला. होत नाही. विचार आणि मांडणी त्या लेखकाचीच राहते, संदर्भ द्यावाच लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातल्या साम्याचे स्तर ठरवले आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअरच्या अहवालात शून्य टक्के आलं म्हणजे चोरी नाही, असं नव्हे. भाषांतर यंत्राच्या नजरेतून निसटेल, त्या विषयातला वाचक पहिल्या परिच्छेदात ओळखतो.

## टप्पा ७: आता लिहा

शोधवही समोर ठेवून आधी प्रश्नाचं उत्तर चार ओळींत लिहा. मग त्या ओळींना आधार देणारी टिपणं क्रमाने लावा. ज्या टिपणाला जागा मिळत नाही ते कितीही आवडतं असलं तरी बाजूला ठेवा. लिहिता लिहिता एखादी पोकळी दिसेल. तेव्हा टप्पा ३ वर परत जा, नवे शब्द घ्या, पुन्हा शोधा. मागे जावं लागलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दोन-तीनदा मागे गेलेले प्रकल्प तोंडी परीक्षेत जास्त ठाम उभे राहतात.

जमा करण्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला बोलवा. तिने प्रकल्पाची कोणतीही तीन पानं उघडावीत, प्रत्येकावरच्या एका विधानावर बोट ठेवावं आणि विचारावं, “हे कशावरून?” शोधवहीतून दोन मिनिटांत उत्तर काढून दाखवता आलं तर बांधणीला द्या. एका जरी विधानाला नाही सापडलं, तर ते विधान खोडा किंवा सकाळी ग्रंथालय उघडताच या. काउंटरवर वही घेऊन या, आपण मिळून शोधू.